एकतिसाव्या मजल्यावरची गावपळण

बाबलीकाका परब हा आमच्या आचऱ्यातला एकमेव माणूस, ज्याला दुबईच्या हॉटेलवाल्यांनी उशांचं मेनू कार्ड आणून दाखवलं. सात प्रकारच्या उशा होत्या म्हणे. पिसांची, कापसाची, मान दुखणाऱ्याची, घोरणाऱ्याची. काकाने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि हात जोडून परत दिलं. त्याला उशी नकोच होती. तो दोन दिवस जमिनीवर झोपत होता, आणि त्याला तिथे झोपवणाऱ्यांत मीही होतो.

आमच्या आणि काकाच्या घरामध्ये चिऱ्यांचा एक गडगा आहे, तोही मध्येच ढासळलेला. त्या भगदाडातून मी लहानपणी लोटा घेऊन दूध आणायला जायचो. काका अडुसष्ट वर्षांचा. बायको जाऊन बारा वर्षं झाली. घरात सून किशोरी, आणि गोठ्यात पवळी आणि चांदी या मायलेकी. पवळी आता म्हातारी, दूध कधीच आटलेलं, पण तिला चारा पहिला. काकाचं माणसांशी बोलणं मोजकं, गायींशी भरपूर. पुतणीच्या लग्नात पंगतीला बसल्यावर त्याला आठवलं की चांदीला पाणी दाखवायचं राहिलं. तो उठून गेला तो परत आलाच नाही. त्याची पुतणी अजून ते ऐकवते.

मुलगा निलेश दुबईत, एका भारीतल्या हॉटेलात. तिथे मॅनेजर आहे असं गावाला सांगून टाकायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. पण तो स्वतःच सांगायचा, "मी लॉन्ड्रीत आसंय. दिवसाक दोन हजार चादरी." म्हणून निलेशच्या शब्दावर गावाचा भरवसा. जो माणूस चादरी लपवत नाही, तो आणखी काय लपवणार?

आता गावपळण. तीन-चार वर्षांनी आमचा अख्खा गाव रामेश्वराचा कौल घेऊन, म्हणजे देवाला विचारून, घरांना कुलपं लावतो आणि शिवेबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस, तीन रात्री. मागे गावात चूल पेटत नाही, देवळात नौबत वाजत नाही. आम्ही नदीपलीकडे झावळ्यांच्या झोपड्या घालतो, रात्रभर भजनं करतो, मासे भाजतो. चौथ्या दिवशी देवाला परत विचारायचं, येऊ का? कौल झाला की परत. नाही झाला तर अजून एक दिवस बाहेर. काकाने जन्मात एकही गावपळण चुकवलेली नाही.

दिवाळीत निलेश सुट्टीवर आला होता. ओट्यावर आम्ही सगळे बसलो होतो.

"बाबा, यंदा झोपडी नको. गावपळणीक माझ्यावांगडा दुबयक चल. माका थंय दहा वरसां होतली म्हणान हॉटेलवाले आवशी-बापाशीक फुकट ठेवतत. पंधरा रात्री."

"तुका येड लागला काय? गावपळणीक शिवेभायर रवाचा असता."

"मगे दुबय काय शिवेच्या आत आसा?"

ओटा हसून हसून लोळला. काकाही हसला. मुद्दा बिनतोड होता. काकाने मानकऱ्यांना विचारलं, तर तेही डोकं खाजवून म्हणाले की बाहेर म्हणजे बाहेर, अंतराचं काही बोललेलं नाही.

"पण चांदी गाभण आसा," काका म्हणाला. "अमाशेच्या मागेफुडे वितली. तेच्याआधी माका हंय येवक व्हया."

"कौल झालो काय त्याच दिसाक तिकीट काढतंय," निलेश म्हणाला.

काकाचा पासपोर्ट उन्हाळ्यातच काढून झाला होता. तेव्हा कोणाच्या डोक्यात काही आलं नाही. किशोरीने गायी झोपडीवर न्यायचं कबूल केलं. गाव निघाला त्या सकाळी काका गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर गेला. अंगात नवा शर्ट, आणि पिशवीत पेजेचे तांदूळ, कारण तिथे तांदूळ मिळतात यावर त्याचा विश्वास नव्हता.

निलेशने त्याला आपला जुना मोबाइल दिला होता. त्यात नंबर तीनच. निलेशचा, किशोरीचा आणि माझा. तिथून व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, पण आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो. पहिले तीन दिवस काकाने मला जे पाठवलं, ते मी झोपडीत सगळ्यांना मोठ्याने ऐकवायचो.

"बाबू, मी एकतिसाव्या माळ्यार आसंय. खिडकी उघडना नाय. वारो नळयेतसून येता, नि तेका वास अत्तराचो."

"बाबू, हंय न्याहारेक दुधाची पाच भांडी. एक गायचा. मगे बदामाचा, ओटाचा, सोयाबीनचा, खोबऱ्याचा. रे, बदामाक आचळां खंय असतत?"

त्यावर नदीकाठी जो हशा झाला, त्याने बांधलेली गुरंसुद्धा उठून उभी राहिली.

तिसरा निरोप जरा वेगळा होता. "निलेश जमनीखाली काम करता, मी आभाळात रवतंय. मधी खाली मोठो हॉल आसा, थंय तो माका भेटलो. पण कामाच्या कपड्यात तेका गिऱ्हाइकाच्या बाजूक बसूक मनाई. उभो रवलो, नि माका 'सर' म्हणालो. बापाशीक सर!" शेवटी काका खुदकन हसल्याचं ऐकू येतं. मला वाटतं त्याला ते आवडलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी कौल झाला. दुपारपर्यंत गाव घरी परतला आणि मी संध्याकाळच्या गाडीने कुडाळला गेलो. तिथे एमआयडीसीत मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आठवडाभर तिथेच, रविवारी घरी.

रात्री निलेशचा मेसेज आला. "बाबू, बाबा आयुष्यात पयल्यांदाच आराम करतत. डॉक्टरान पण गुडघ्याक विश्रांती सांगितल्यान. कौल झालो म्हणान कळला तर उद्याच पळत सुटतले. मी झालो नाय म्हणान सांगलंय. तुका इचारल्यानी तर वायच सांभाळून घे."

मला बरंच वाटलं. बापाची एवढी काळजी करणारा मुलगा! शिवाय गंमत होती. काका गादीवर लोळतोय आणि देवाच्या नावावर त्याची सुट्टी वाढतेय.

सहाव्या दिवशी काकाचा आवाज आला. "बाबू, तू तरी खरा सांग. निलेश म्हणता कौल होऊक नाय. असा माझ्या जन्मात झाला नाय. खरा सांग, झिला."

मी कँटीनमध्ये होतो. भोवती चारजण चहा पीत होते. अशा वेळी माझी जीभ जरा जास्तच चालते. मोबाइल तोंडाशी धरून मी म्हणालो, "काका, देव म्हणता, बाबली थंय गाद्यार लोळता तवसर मी कौल देवचंय नाय!"

कँटीन खूश. मी चहा संपवला आणि कामाला लागलो.

पुढचं मला निलेशने सांगितलं, तेही पुष्कळ दिवसांनी.

काकाने तो निरोप ऐकला आणि पलंगावरून उठला. गाव थंडीत शिवेबाहेर कुडकुडतोय, गुरांचा चारा संपला असेल, तान्ही पोरं आजारी पडली असतील, आणि हे सगळं आपण इथे अत्तराच्या वाऱ्यात बसलोय म्हणून. त्या रात्रीपासून तो दाराजवळच्या फरशीवर झोपायला लागला. न्याहारीला पाच दुधांच्या त्या दालनात जायचा आणि एक केळं घेऊन परत यायचा. दुपारी सोबत नेलेल्या तांदळातले मूठभर किटलीत भिजवून खायचा.

त्या हॉटेलात म्हणे न विस्कटलेली गादी ही तक्रार धरतात. साफसफाईवाल्यांनी दोन दिवस पाहून वर कळवलं. मग ते उशांचं कार्ड आलं. मग फुलं आली. मग कोट घातलेला एक साहेब स्वतः आला आणि भाषेसाठी त्याने लॉन्ड्रीतून निलेशला बोलावून घेतलं.

"बाबा, ते इचारतत, तुका हंय काय कमी पडता?"

"कमी काय नाय. सांग तेंका, जास्त झाला. गाव भायर आसा नि मी हंय आसंय, तां देवाक आवडला नाय."

निलेशने साहेबाला इंग्रजीत सांगितलं की वडील म्हणतात, सगळं छान आहे.

मी निलेशला म्हटलं, "तेव्हा तरी सांगूचा होता रे." तो म्हणाला, "आमचो गोठो तवसर मोडून झाल्लो. आता काय सांगू?"

नवव्या दिवशी संध्याकाळी किशोरीने सासऱ्याला निरोप पाठवला. तो मी नंतर ऐकला आहे. गोड आवाजात आहे. "मामांनू, आमी सगळी बरी आसव. चांदी बरी आसा. कौल अजून होऊक नाय. तुमी जिवाक जपा."

किशोरी घराच्या अंगणात उभी राहून बोलत होती. आमची घरं देवळापासून हाकेच्या अंतरावर. तिच्या 'कौल अजून होऊक नाय' या वाक्यामागे, स्पष्ट, संध्याकाळची नौबत वाजत होती. ती आम्हाला इतकी सवयीची की कानावर पडूनही ऐकू येत नाही. तिलाही आली नसणार.

काकाने तो निरोप किती वेळा लावला कोण जाणे. आपल्या कानांवर त्याचा भरवसा बसेना. तो लिफ्टने खाली गेला, काउंटरवरच्या मुलीच्या कानाला मोबाइल लावला आणि मालवणीत विचारलं, "बाय, मागे काय वाजता?" ती फिलिपिन्सची. तिने ऐकलं, दोन बोटांनी काउंटरवर ठेका धरला आणि हसून म्हणाली, "ड्रम, सर. व्हेरी नाइस."

काकाने मान हलवली. मग 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' असं लिहिलेल्या दारातून, ते वाचता न आल्यामुळे, सरळ आत गेला. दोन जिने उतरून वाफेने भरलेल्या त्या तळघरात पोचला. निलेश चादरी इस्त्रीच्या यंत्रात घालत होता.

"निलेश, गावात नौबत कोण वाजवता रे?"

"खंयची नौबत?"

"गावात माणूस नाय, कुत्रो नाय. मगे देव काय सोताच वाजवता?"

निलेशने यंत्र बंद केलं. मग सगळं बाहेर आलं. गोठा पाडला होता. तिथे पर्यटकांसाठी दोन खोल्या व्हायच्या होत्या, चौथरा घालून झाला होता. गावपळणीला गायी झोपडीवर गेल्या त्या घरी परत आल्याच नाहीत. झोपडीवरूनच टेम्पोत घालून वालावलच्या कोणा जितेंद्रकडे गेल्या होत्या.

"माका घराक येवचा आसा, बाबा," निलेश म्हणाला. "धा वरसां होतली, लोकांच्यो चादरी धुतंय. दोन रूम झाले तर हंय रवाक नको. तुका इचारलंय असता तर तू देतंस काय?"

"नाय."

"मगे काय करू?"

"गोठो माझो होतो, मोडलंस. गायी माझ्यो होत्यो, विकलंस. झील आसंस, ता पण एकवेळ गिळलंय असतंय." काका हे अगदी शांतपणे म्हणाला, असं निलेश सांगतो. "पण कौल देवाचो होतो रे. तो तुजो नाय, नि माझोय नाय."

तिसऱ्या दिवशी काकाला आणायला मित्राची गाडी घेऊन मी मोपाला गेलो. मला तोवर कळलं होतं. शनिवारी रात्री मी घरी आलो, आणि गडग्याच्या भगदाडातून गोठ्याच्या जागी सिमेंटचा ओला चौथरा दिसला. त्यावर किशोरी पाणी मारत होती.

काका मागच्या सीटवर बसला. पुढे बस म्हटलं तरी मागेच. मी दोनदा काहीतरी हसण्यासारखं बोलून पाहिलं, मग रेडिओ लावला. नदीवरचा पूल आला, आमची शीव.

"थांबव."

तो पिशवी घेऊन उतरला आणि पुलाच्या कठड्यावर टेकला. खिशातून मोबाइल काढून, चष्मा लावून, बोटाने काहीतरी शोधलं. मग माझा आवाज आला. 'काका, देव म्हणता, बाबली थंय गाद्यार लोळता...' मागून कँटीनमधलं हसू.

"ह्यो तुजो आवाज मा?"

"काका, मी मस्करी केलंय."

"माका माहीत आसा. तू ल्हानपणापासून मस्करेचो. पण मी काय इचारलंय? 'खरा सांग' म्हणान इचारलंय मा?"

"माका गोठ्याचा माहीत नव्हता, काका. शपथ."

त्याने मोबाइल बंद केला. चष्मा काढून खिशात ठेवला.

"चल आता घराक," मी म्हणालो.

"खंय? कौल झालो काय?"

"काका..."

"तुमका झालो. माका खंय झालो? माका तर तुमी सगळ्यांनी सांगलात, होऊक नाय."

मी किशोरीला फोन केला. ती स्कूटरवरून आली, हाताला सिमेंट तसंच. तिला मी दोष देऊन मोकळा होऊ शकत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या गोठ्यातलं शेण तिनेच काढलं होतं. नवरा वर्षाला एक महिना घरी.

"मामांनू, चला. लोक बघतत."

"चांदी व्याली काय?"

"मामांनू, बऱ्या घराक दिल्यानी तेंका. थंय चार गायी आसत, कुळीथ-पेंड आसा..."

"ती व्याली काय, ता इचारतंय."

किशोरीने मान खाली घातली. "परवा. पाडी झाली. काळी."

काका कठड्यावरून उठला. मला वाटलं, आता ओरडेल. तो पिशवी उचलून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, गावाकडे पाठ करून, आणि जी पहिली एसटी आली तिला हात केला. मी गाडीने सोडतो म्हटलं. त्याने ऐकू न आल्यासारखं केलं.

वालावलला जितेंद्रने त्याला ओळखलंसुद्धा नाही. कोणी म्हातारा येऊन थेट गोठ्यात शिरला आणि पवळीच्या गळ्याखाली हात घालून उभा राहिला, एवढंच त्याने पाहिलं. सगळं ऐकल्यावर तो बिचारा हादरला. "काका, माका वाटला तुमच्या संमतीनच. व्हयी तर घेवन जावा."

"नेव खंय?" काका म्हणाला.

जितेंद्रच्या बागेत एक मांगर आहे, अवजारं आणि पेंढा ठेवायची खोली. त्यात काका राहिला. एक दिवस, दोन दिवस, मग कोणी मोजायचं सोडलं. जितेंद्रची बायको सीता त्याला दोन वेळचं जेवण देते, तो चारही गायींचं सगळं करतो.

शिमगा झाल्यावर एका रविवारी मी गेलो. किशोरीने त्याचे कपडे, चष्म्याचं जुनं घर आणि आंब्याची साठं दिली होती. काका पाडीचं अंग घासत होता. मला पाहून उठला, हात धुतले, ओट्यावर बसवलं. सीताला चहा टाकायला सांगितलं. राग कुठेच नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. शिव्या घातल्या असत्या, तर मी पाया पडलो असतो आणि विषय संपला असता.

"खोल्यो झाल्यो," मी म्हणालो. "निलेश मे म्हयन्यात कायमचो येता. एक खोली तुका ठेवतलो म्हणता. न्हाणीघर आतच."

"बरा."

"तो फोनवर रडलो, काका. मानकऱ्यांनी पण सांगलानी, तू ये, तुझ्यासाठी देवाक परत इचारूया."

काकाने बशीत ओतलेला चहा संपवला. मग आत हाक मारली. "सीता, वायच आचऱ्याक फोन लावन इचार गो, मानकरी असा म्हणाले काय."

सीता दारात आली. माझ्याकडे पाहिलं आणि संकोचली. "आता लावतंय, काकांनू," म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

मला टोमणा म्हणून तो बोलला नव्हता. चांदीचं दूध काढल्यावर भांडं कलंडून बघतो, तसं ते होतं, रोजचं काम. मी नुसता "हां" म्हणालो. पाडीचं नाव विचारलं. अजून ठेवलं नाही म्हणाला. ते खरं होतं का, हे मला विचारता आलं नाही.

ऊन कललं. मी उठलो. "जातंय, काका. चार वाजले, साडेचारची गाडी गावतली."

माझ्या मनगटावर घड्याळ होतं, चांगलं मोठ्या आकड्यांचं. काकाने गोठ्याकडे तोंड केलं.

"जितू, किती वाजले रे?"

"चार!" आतून जितेंद्र ओरडला.

"मगे जा तू," काका मला म्हणाला. "गाडी चुकात."